कोंढव्यात बाहेर जेवायला जाताना : कुठे, काय, केव्हा आणि काय तपासून

महिन्यातून एकदा तरी घरात विषय निघतोच : "आज बाहेर जेवूया का?" मुलांना शवर्मा हवा असतो, अब्बांना निहारी, घरच्या बाईला एक दिवस चुलीपासून सुट्टी. आणि ज्याच्या पगारातून बिल द्यायचे असते तो मनातल्या मनात हिशोब करत असतो. पुण्यातल्या मुस्लिम कुटुंबांपुरते बोलायचे तर अशा वेळी गाडी बहुतेक वेळा कोंढव्याकडेच वळते. पिंपरी-चिंचवडहून, हडपसरहून, अगदी सोलापूर-अहमदनगरकडून पाहुणे आले तरी "कोंढव्यात जाऊन खाऊ" हे ठरलेले.

पण कोंढवा म्हणजे एक गल्ली नव्हे. कुठल्या भागात काय मिळते, नवीन पदार्थांच्या नावांचा अर्थ काय, बिलात काय योग्य आणि काय नाही, मुलांना काय द्यावे आणि काय टाळावे, ही माहिती एका जागी असावी म्हणून हा लेख. यात हॉटेलांची यादी मुद्दाम दिलेली नाही. इथे दर वर्षी पाट्या बदलतात, मालक बदलतो, उस्ताद दुसरीकडे जातो आणि चव त्याच्याबरोबर जाते. भाग आणि पदार्थ मात्र टिकून राहतात. ते ओळखता आले की नवीन पाटीसमोरही आपण गोंधळत नाही.

परिसराची ओळख

कॅम्पातून गोळीबार मैदान, लुल्लानगर चौक असे पुढे आले की कोंढवा खुर्द सुरू होते. एकेकाळचे हे गाव आज पुणे महापालिकेतले दाट वस्तीचे उपनगर आहे. खाण्याच्या दृष्टीने त्याचे चार भाग करता येतात.

*कौसरबाग.* मशिदीच्या आजूबाजूचा हा भाग म्हणजे कोंढव्याच्या खाण्याचे केंद्र. कबाब, शवर्मा, बिर्याणी, चहा, ज्यूस, मिठाई, बेकरी सगळे चालत फिरता येईल इतक्या अंतरात. हलालची चिंता इथे सर्वात कमी. अडचण एकच, पार्किंग. संध्याकाळी मगरिबनंतर चारचाकी घेऊन आत शिरणे म्हणजे अर्धा तास हॉर्न ऐकणे. गाडी लांब लावून चालत येणे किंवा रिक्षा करणे बरे.

*मिठानगर, शिवनेरीनगर, भाग्योदयनगर.* या वस्त्यांमधली खाणावळ आपल्या रोजच्या माणसांसाठी असते. दालचा-खाना, खिमा-पाव, साधी बिर्याणी, तवा कलेजी, सकाळचा पाया. बसायला बाकडी, पंखा असतो, एसी नसतो. खिशाला परवडते. कुटुंबासाठी वेगळी जागा सगळीकडे नसते, म्हणून इथून पार्सल घेण्याची पद्धत जास्त आहे.

*एनआयबीएम रोड.* राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेच्या नावावरून हे नाव पडले. इथे मोठी रेस्टॉरंट, कॅफे, पिझ्झा-बर्गरच्या साखळ्या, केकची दुकाने आहेत. बसायला जागा प्रशस्त, स्वच्छतागृह, लहान मुलांसाठी उंच खुर्ची, सगळे मिळते. पण वस्ती संमिश्र असल्यामुळे सगळीकडे हलाल गृहीत धरू नये, विचारावे.

*साळुंके विहार रोड आणि वानवडीची बाजू.* साळुंके विहार ही माजी सैनिक अधिकाऱ्यांची वसाहत. या रस्त्यावर उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय, चायनीज असे सर्व प्रकार आहेत. काही ठिकाणी परमिट रूम असते. कुटुंबाला घेऊन आत शिरण्याआधी बाहेरची पाटी वाचली की दारातून परत फिरण्याची वेळ येत नाही.

कोंढव्यात काय खावे : पदार्थांची ओळख

*बिर्याणी.* मेन्यूवर दहा नावे असली तरी पद्धती मुख्य दोन. कच्च्या गोश्तची बिर्याणी, म्हणजे मसाला-दही लावलेले कच्चे मटण तळाशी आणि त्यावर अर्धवट शिजलेला भात ठेवून एकत्र दम देतात. पक्क्या बिर्याणीत गोश्त आधी शिजवून मग थर लावतात. कच्च्या पद्धतीत उस्तादाचा हात कसलेला लागतो, कारण मटण कच्चे राहिले तर सगळा देग वाया. नवीन ठिकाणी गेलात तर आधी एक प्लेट मागवून बघा, चांगली वाटली तर पुढची.

*दालचा-खाना.* आपल्या लग्नांतला हा जेवणाचा प्रकार आता प्लेटमध्येही मिळतो. मसालेदार भात आणि सोबत डाळ, दुधी, मटणाची हाडे घालून केलेला आंबट दालचा. वयस्कर मंडळींना बिर्याणीपेक्षा हा हलका पडतो.

*निहारी आणि पाया.* हे मुळात सकाळचे पदार्थ. 'नहार' म्हणजे सकाळ, त्यावरून निहारी. रात्रभर मंद आचेवर शिजलेली निहारी सकाळी नानसोबत खाण्यात जी मजा आहे ती रात्री दहा वाजता नाही. वर तरंगणारे तूप काढून द्यायला सांगता येते. बीपी-कोलेस्टेरॉलवाल्यांनी जरूर सांगावे.

*हलीम आणि खिचडा.* दोन्हींत गहू, डाळी आणि गोश्त असते, पण खिचड्यात मटणाचे तुकडे दिसतात, हलीममध्ये सगळे घोटून एकजीव केलेले असते. हैदराबादी हलीमला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दाताची तक्रार असलेल्या आजी-आजोबांसाठी हलीम उत्तम.

*मंदी आणि इतर अरबी पदार्थ.* पुण्यात शिकायला येमेन, इराक, सुदान अशा देशांतून विद्यार्थी येत राहिले आणि त्यातले बरेच कोंढव्यात राहिले. त्यांच्यासाठी जे जेवण सुरू झाले ते आता आपल्याही दस्तरखानावर आले. मंदी मूळची येमेनच्या हद्रमौत भागातली. जमिनीतल्या तंदूरसारख्या भट्टीत वर गोश्त टांगतात, खाली भात ठेवतात, त्यामुळे गोश्तचा रस भातात उतरतो. मसाला सौम्य असतो. आपल्याकडच्या तिखट जिभेला पहिल्यांदा ती अळणी वाटते, म्हणून सोबत टोमॅटो-मिरचीची चटणी देतात, तिला सहावक म्हणतात. कबसा हा सौदीकडचा भात, त्यात तांदूळ गोश्तच्या पाण्यातच शिजवतात. मधबी म्हणजे तापलेल्या दगडांवर भाजलेले गोश्त. फहसा म्हणजे दगडी भांड्यात उकळत येणारे मटण, त्यावर मेथीचा फेस. लहान मुलांना तिखट चालत नसेल तर मंदी आणि कबसा हे त्यांच्यासाठी सगळ्यात सोयीचे जेवण आहे.

*बडे का.* महाराष्ट्रात 2015 पासून लागू झालेल्या दुरुस्ती कायद्यानुसार गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे इथल्या मेन्यूवर 'बीफ' किंवा 'बडे का' लिहिलेले असते ते म्हशीचे गोश्त. सोबत हिंदू मित्र असतील तर त्यांना आधी सांगावे, आणि शक्यतो त्या दिवशी चिकन-मटणच मागवावे. पाहुण्याचे मन राखणे हेही मेहमाननवाजीतच येते.

*चहा आणि गोड.* दम देऊन काढलेला इराणी चहा आणि उस्मानिया बिस्कीट ही जोडी हैदराबादेतून आली आणि इथे रुजली. गोडात मातीच्या शिकोऱ्यातली फिरनी, मालपुवा, आणि अरबी हॉटेलात चीज घातलेला कुनाफा. कुनाफा गरम असतानाच खावा, थंड झाला की चीज रबरासारखे होते.

हलाल : काय विचारावे

कौसरबागेत हा प्रश्न सहसा पडत नाही. पण एनआयबीएम रोड, साळुंके विहार किंवा मॉलमध्ये विचारायला संकोच करू नये. नुसते "हलाल आहे ना?" विचारले की उत्तर "हो" असेच येते. त्यापेक्षा हे तीन प्रश्न विचारा :

1. चिकन-मटण कुठून येते? रोजचा कसाई ठरलेला आहे की फ्रोझन माल येतो? फ्रोझन असेल तर पाकिटावरचा हलाल शिक्का दाखवता येईल का?
2. इथे दारू मिळते का? मिळत असेल तर स्वयंपाकात वाइन वापरतात का? काही इटालियन आणि चायनीज सॉसमध्ये ती असते.
3. पुडिंग, मूस, चीजकेकमध्ये जिलेटीन आहे का? असेल तर कशाचे?

नीट चालवलेल्या हॉटेलात या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळतात. मॅनेजर चिडला किंवा विषय टाळू लागला तर शाकाहारी काहीतरी मागवून मोकळे व्हावे. वाद घालत बसू नये.

शाकाहारी पाहुणे सोबत असतील तर

शाळेतले सहकारी, सोसायटीतले शेजारी, मुलांचे वर्गमित्र, आपल्या सगळ्यांकडे शाकाहारी माणसे असतात. त्यांना घेऊन कबाबच्या धुरात बसणे त्यांनाही जड जाते. अशा वेळी एनआयबीएम रोड किंवा साळुंके विहारची दक्षिण भारतीय हॉटेले बरी. डोसा, इडली, उत्तप्पा सगळ्यांना चालते आणि हलालचा प्रश्नच येत नाही. कात्रज-कोंढवा रस्त्यावर इस्कॉनचे मोठे मंदिर आहे, त्या आवारातही शाकाहारी जेवण मिळते, तिथे कांदा-लसूणही नसतो. एकाच टेबलावर दोन्ही हवे असेल तर शाकाहारी स्वयंपाकाची भांडी आणि तेल वेगळे आहे का, हे आपणच त्यांच्या वतीने विचारावे. आपण जशी हलालची चौकशी करतो तशीच ही त्यांची चौकशी.

मुलांचे पोट : इथे तडजोड नको

हा भाग पालकांनी नीट वाचावा. शाळेत सोमवारी पोट बिघडल्याच्या चिठ्ठ्या येतात, त्यातल्या बऱ्याच रविवारच्या बाहेरच्या खाण्याच्या असतात.

*शवर्मा.* 2022 च्या मे महिन्यात केरळमधल्या कासरगोड जिल्ह्यात शवर्मा खाऊन एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. 2024 च्या मे महिन्यात मुंबईत ट्रॉम्बे भागात रस्त्यावरचा चिकन शवर्मा खाऊन एकोणीस वर्षांचा मुलगा दगावला. दोन्ही घटना मे महिन्यातल्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या, हे लक्षात घ्या. दोष शवर्म्याचा नाही, पद्धतीचा आहे. उभ्या सळईवर मांस बाहेरून भाजते, आत कच्चे राहते. गिऱ्हाईक कमी असताना आच मंद करतात, मग मांस तासन् तास कोमट राहते. 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून :

- जिथे सळई भराभर संपते तिथेच घ्या. दुपारी चारला लावलेली सळई रात्री बारालाही तशीच असेल तर नको.
- कापलेले मांस तव्यावर पुन्हा परतून द्यायला सांगा. चिकन आतून 75 अंशांपर्यंत तापले की धोका बराच कमी होतो.
- मेयोनीज कच्च्या अंड्याचे असेल तर नको. तेलंगणाने 2024 मध्ये आणि तमिळनाडूने 2025 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली होती. त्याऐवजी लसूण-दह्याची चटणी मागा.
- पार्सल घेतले तर तासाभरात खा. उरलेला शवर्मा दुसऱ्या दिवशी डब्यात देणे पूर्ण बंद.

*भडक रंग.* कबाब, तंदुरी, चिकन लॉलीपॉप लालभडक दिसत असेल तर तो मिरचीचा रंग नव्हे. काश्मिरी मिरचीचा रंग विटकरीकडे झुकतो. बोटांना लागलेला रंग साबणाने धुऊनही राहिला तर समजून घ्या. कर्नाटकात 2024 मध्ये कबाबमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी झाली. "बिना कलर का" असे सांगितले की बरेच कबाबवाले तसे करून देतात.

*तेल.* कढईतले तेल काळे, फेसाळ आणि धूर सोडणारे असेल तर तिथले तळण टाळा. अन्न सुरक्षा नियमांनुसार तळणाच्या तेलातील ध्रुवीय घटक 25 टक्क्यांपुढे गेले की ते तेल वापरता येत नाही. आपल्याकडे मोजायचे यंत्र नाही, पण नाक आणि डोळे आहेत.

*वर्तमानपत्राचा कागद.* छापील कागदात गरम समोसा किंवा कबाब बांधून दिला तर घेऊ नका. शाई अन्नात उतरते, आणि असे बांधायला अन्न प्राधिकरणाची मनाई आहे. घरून डबा नेणे सगळ्यात चांगले.

बिल कसे वाचावे

जेवण झाले की बिल घडी घालून खिशात टाकण्याची आपली सवय. दोन मिनिटे घेऊन वाचायला हवे.

- *जीएसटी.* साध्या रेस्टॉरंटमध्ये एसी असो वा नसो, पार्सल असो वा बसून जेवण, दर 5 टक्के. बिलावर जीएसटी क्रमांक असला पाहिजे. जी छोटी हॉटेले 'कंपोझिशन' योजनेत आहेत त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही.
- *सर्व्हिस चार्ज.* हा कर नाही, टीप आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानुसार तो आपोआप बिलात लावता येत नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. हिशोब बघा : 1000 रुपयांच्या जेवणावर 5 टक्के जीएसटी धरून 1050 होतात. 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर 1100, आणि त्यावर जीएसटी धरून 1155. म्हणजे 105 रुपयांचा फरक. तेवढ्यात मुलांची फिरनी येते. शांतपणे "हा काढून द्या" म्हणावे. वेटरला खुशीने द्यायचे ते थेट त्याच्या हातात द्यावे.
- *पाणी.* बसल्याबरोबर बाटली टेबलावर येते. "साधे पाणी द्या" असे आधीच सांगावे.
- *परवाना क्रमांक.* बिलावर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक असणे 1 जानेवारी 2022 पासून बंधनकारक आहे. तो नसेल तर त्या ठिकाणी पुन्हा जाण्याआधी विचार करा.

तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. अन्नाच्या दर्जाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. बिल, पदार्थाचा फोटो आणि वेळ या तीन गोष्टी जवळ ठेवा. पोट बिघडून डॉक्टरकडे गेलात तर त्यांची चिठ्ठीही जपा.

किती मागवावे

वाया गेलेले अन्न बघून जीव तुटतो, आणि इसराफची मनाई तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेली. तरी मंदीचे ताट अर्धे सोडून उठणारी कुटुंबे दर आठवड्याला दिसतात. थोडा अंदाज बांधला तर हे टळते.

मंदी बहुधा पाव, अर्धी आणि पूर्ण कोंबडी अशा मापात येते. दोन मोठे आणि दोन लहान असतील तर आधी अर्धी मागवा, भात कमी पडला तर तो नंतर वेगळा घेता येतो. बिर्याणीची एक प्लेट बऱ्याच ठिकाणी दोघांना पुरते, आधी शेजारच्या टेबलावरची प्लेट बघून घ्या. कबाब स्टार्टर म्हणून मागवले की मुख्य जेवणातले एक ताट कमी करा. थंड पेय जेवणाआधी दिले की मुलांची भूक तिथेच मरते, म्हणून ते शेवटी. एवढे करूनही उरले तर बांधून घ्यायला लाजू नका, मात्र घरी येताच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करूनच खा.

केव्हा जावे

- शनिवार-रविवारी रात्री आठ ते दहा गर्दी सर्वाधिक. लहान मुले असतील तर मगरिब पढून सरळ जा, नऊपर्यंत मोकळे व्हाल.
- जुम्याच्या दुपारी नमाजानंतर तासभर खाणावळी भरलेल्या असतात. बाया-मुलांना घेऊन जायचे तर अडीचनंतर.
- निहारी-पायासाठी सकाळी लवकर. उशिरा गेले की देगचा तळ मिळतो.
- रमजानमध्ये कौसरबागेत इफ्तारपासून सहेरीपर्यंत वर्दळ असते. बघायला रौनक छान, पण तान्ही बाळे, गरोदर बाया आणि वृद्धांना त्या धक्काबुक्कीत नेऊ नये. त्यांच्यासाठी तरावीहच्या वेळी जाऊन पार्सल आणणे सोयीचे. रोजा सोडल्याबरोबर तळलेले पोटभर खाल्ले तर त्रास होतो, आधी खजूर, पाणी, फळे, मग नमाज, मग जेवण.

बाया-मुलींसाठी जागा

कुटुंबाची खोली आहे असे पाटीवर असते, आत गेल्यावर ती माळ्यावरची कोंदट जागा निघते, पंखाही नसतो. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात : फॅमिली सेक्शन कितव्या मजल्यावर आहे, स्वच्छतागृह आहे का, आणि जिना चढता न येणाऱ्या माणसासाठी खाली जागा मिळेल का. आपल्या अम्मी, खाला, फुप्पी यांनी आयुष्यभर सगळ्यांना वाढून मग खाल्ले. एक दिवस त्यांना कुणी वाढत असेल तर तो आरामात, मान वर करून बसता येईल अशा जागी असावा. चांगल्या जागेसाठी आपण विचारत राहिलो, तर हॉटेलवालेही ती करतील. ज्यांनी नीट सोय केली आहे त्यांना तसे सांगून यावे, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच जावे.